क्रोमा निघतो पण हिरवी कड राहते, केस जातात, कडा फडफडतात: कारण कसं शोधायचं

शॉर्टफिल्म करणाऱ्या मंडळींचा हा एक प्रश्न काही केल्या संपत नाही. क्रोमा लावला, म्हणजे मागे नंतर दुसरं चित्र टाकायचं म्हणून माणसामागे हिरवं कापड लावलं, शूट केलं, एडिटला बसले, हिरवा काढला आणि माणसाच्या कडेला हिरवी रेघ उरली, ती घालवायला स्लायडर ओढला तर केस गेले, केस परत आणले तर कापडाचे डाग परत आले, आणि मग रात्रभर तेच चालू. मग कोणीतरी सांगतं सॉफ्टवेअर बदल, ते बदलतात, तीच रेघ तिथेही हजर. कारण ती रेघ सॉफ्टवेअरमध्ये तयारच होत नाही, शूटच्या दिवशीच ती फुटेजमध्ये येऊन बसलेली असते. ती कशामुळे आली हे कळलं तरच जाते. कारणं पाच-सहाच आहेत, पण प्रत्येकाचा इलाज वेगळा, आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की शॉट आणखी बिघडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्ये, फ्युजन पेजवर, डेल्टा कीअर (कीअर म्हणजे हिरवा ओळखून काढणारं टूल, त्या कामाला कीइंग म्हणतात) वापरून काम करतो म्हणून नावं तिथली येतील. आफ्टर इफेक्ट्सवाल्यांनी त्या जागी कीलाइट समजावं, ब्लेंडरवाल्यांनी कीइंग नोड, तत्त्व सगळीकडे एकच आहे.

सगळ्यात आधी रंगीत चित्राकडे बघणं बंद करा. कीअर लावला की व्ह्यू बदलून फक्त मॅट बघा, म्हणजे ते काळंपांढरं चित्र. पांढरं म्हणजे राहणार, काळं म्हणजे जाणार, राखाडी म्हणजे अर्धवट. माणूस आतून पूर्ण पांढरा पाहिजे, कापड पूर्ण काळं पाहिजे, आणि राखाडी फक्त अगदी कडेला, एक-दोन पिक्सेल, शिवाय मोकळ्या केसांत आणि वेगात हलणाऱ्या हातांना. याव्यतिरिक्त राखाडी कुठे दिसतंय त्यावरून दुखणं कळतं. कापडाच्या एका बाजूला मोठा राखाडी पट्टा असेल तर लाईट सारखा पडलेला नाही. उभ्या-आडव्या रेघा असतील तर कापडाच्या चुण्या. माणसाच्या आतच राखाडी असेल, खांद्यावर, जबड्याखाली, गालाच्या बाजूला, तर तो स्पिल, म्हणजे कापडाचा हिरवा उजेड अंगावर आलाय. कडेला पायऱ्या-पायऱ्या दिसत असतील तर कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगचा प्रश्न आहे. आणि सगळीकडे मुंग्या वळवळत असतील तर नॉइज, अंधारात शूट केलंय. हे एका फ्रेमवर थांबून बघू नका, प्ले करून बघा, कारण थांबलेल्या फ्रेमवर चांगला दिसणारा मॅट चालू झाला की फडफडतो.

आता हे आत काय चालतं ते थोडं समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. बरेचसे चांगले कीअर ज्या पद्धतीने चालतात ती पेत्रो व्लाहोस या अमेरिकन इंजिनिअरने १९५० च्या दशकाच्या शेवटी बसवली, तेव्हा फिल्मवर आणि निळ्या पडद्यासाठी. कल्पना साधी: पिक्सेलमध्ये हिरवा किती आहे हे बघायचंच नाही, हिरवा बाकीच्या दोघांपेक्षा किती जास्त आहे ते बघायचं. उदाहरणादाखल नीट लाईट केलेल्या कापडाचा एक पिक्सेल घ्या, लाल ६०, हिरवा १८०, निळा ७०. हिरव्यातून बाकीच्यातला मोठा आकडा वजा करा, ११० उरले. चेहऱ्याचा पिक्सेल घ्या, लाल २००, हिरवा १५०, निळा १२५, वजाबाकी शून्याच्या खाली, म्हणजे कापड नाहीच. ११० विरुद्ध शून्य, एवढी दरी असली की कीअरला काही त्रास नाही. आता त्याच कापडावर खूप लाईट मारला तर आकडे होतात लाल १९०, हिरवा २५०, निळा १९५. डोळ्याला कापड झगझगीत दिसतं पण फरक उरला फक्त ५५. चुणीच्या सावलीत लाल २०, हिरवा ६०, निळा २५, फरक ३५. म्हणजे कापड जळलं तरी वांधा आणि काळवंडलं तरी वांधा, आणि एकाच फ्रेममध्ये एका कोपऱ्यात ११० आणि दुसऱ्यात ३५ असेल तर कीअरला ३५ पर्यंत खाली उतरावं लागतं, तिथे उतरला की केसांच्या टोकांचे आकडेही तेवढेच असतात. केस जातात ते इथे जातात!

म्हणून पहिला इलाज लाईटचा. कापडाचा लाईट वेगळा, माणसाचा वेगळा, हे ऐकलेलं सगळ्यांनी असतं पण बजेट नसलं की दोन लाईटमध्ये दोन्ही उरकतात. कापडाला जास्त उजेड लागतच नाही, सारखा उजेड लागतो. वेव्हफॉर्मवर, म्हणजे फ्रेममधल्या उजेडाच्या आलेखावर, कापडाची पट्टी ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास आणि शक्य तेवढी बारीक पाहिजे, पट्टी जाड दिसली म्हणजे कुठे कमी कुठे जास्त पडलाय. चेहऱ्यापेक्षा कापड अर्धा ते एक स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा उजेड) असलेलं मला बरं वाटतं, स्पिलही कमी होतो. दोन साध्या एलईडी बॅटन ट्यूब उभ्या करून कापडाच्या दोन्ही बाजूंनी तिरक्या मारल्या तरी काम होतं, फक्त त्या कापडाच्या अगदी जवळ ठेवू नका, कारण जवळून मारला तर कडेला जळतो आणि मधे अंधार राहतो. लाईट लांब नेला की उजेड झपाट्याने कमी होतो, अंतर दुप्पट केलं तर चौथाई उरतो, पण पसरतो सारखा, आणि आपल्याला सारखाच हवाय. समोर बटर पेपर लावा, आणि कापडाचा लाईट माणसाच्या पाठीवर पडत असेल तर मधे कटर, म्हणजे उजेड अडवणारी आड, धरा, काळा पुठ्ठा चालतो.

लाईट अजिबातच नसतील तर गच्चीवर जा. गच्चीवरची सावली हा कमी बजेटचा सगळ्यात चांगला क्रोमा स्टुडिओ आहे असं माझं ठाम मत आहे, कारण मोकळ्या आकाशाचा उजेड एवढा सारखा पडतो की घरातल्या लाईटनी तो आणायला खूप खर्च येईल. जिन्याच्या खोलीची किंवा टाकीची उत्तरेकडची भिंत बघा, तिथे बहुतेक वर्षभर दुपारी सावली असते, फक्त मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबई-पुण्याकडे सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेला सरकतो तेव्हा ती भिंत उन्हात येते. पावसाळ्यात ढग भरून आले आणि तासभर उघडीप मिळाली तर त्यासारखा लाईट नाही. वारा मात्र बघावा लागतो, कापडाच्या खालच्या कडेला पाइप घालून विटा बांधा, नाहीतर कापड हलतं, चुण्या प्रत्येक फ्रेमला जागा बदलतात आणि मॅट फडफडतो.

कापडाबद्दल. चकचकीत सॅटिन किंवा मांडववाल्याकडचं गुळगुळीत कापड घेऊ नका, त्यावर लाईट आरशासारखा उठतो आणि तेवढा डाग पांढरा होतो. साधं, न चमकणारं, दाट विणीचं सुती कापड घ्या, दादरला हिंदमाताला किंवा पुण्यात रविवार पेठेत गेलात तर कापड हातात घेऊन मोबाईलचा टॉर्च मारून बघा, चमकलं तर ठेवून द्या. रंग पोपटीकडे झुकणारा नको, गडद बाटली हिरवाही नको. जोड नसलेला पन्हा मिळाला तर उत्तम. आणि घडी करून आणायचं नाही! पाइपला गुंडाळून आणा. चुण्या पडल्याच तर स्टीम इस्त्री, नाहीतर पाण्याचा फवारा मारून चारी बाजूंनी ताणून चिमटे लावायचे आणि वाळू द्यायचं, वाळताना कापड आपोआप ताठ होतं. सेटिंग दादा, म्हणजे सेट बांधणारा माणूस, असेल तर त्याला बांबूची चौकट करायला सांगा, खिळ्यावर टांगलेल्या कापडापेक्षा चौकटीत ताणलेलं कापड शंभर पटीने बरं.

आता ती हिरवी कड. ही बहुतेक वेळा स्पिलच असते आणि स्पिल अंतराने जातो. माणूस कापडापासून ६ ते ८ फूट पुढे, जमलं तर १०. टू बीएचकेच्या हॉलमध्ये एवढी जागा कुठून आणायची हा खरा प्रश्न, तर दोन गोष्टी करा. एक म्हणजे अख्खी फ्रेम हिरवी लागते हा गैरसमज सोडा, हिरवं फक्त माणसाच्या भोवती पुरतं, हात जिथपर्यंत जातील तिथपर्यंत, बाकी भिंत, पंखा, खिडकी काही दिसलं तरी ते गार्बेज मॅटने, म्हणजे नको असलेला भाग हाताने आखून, दोन मिनिटांत कापता येतं. म्हणजे कापड लहान चालतं, माणूस पुढे येऊ शकतो. दुसरी गोष्ट फार कमी लोक करतात आणि तिचा फरक लगेच दिसतो: जे हिरवं कॅमेऱ्यात दिसत नाहीये ते सगळं काळ्या कापडाने झाका. बाजूला लोंबणारा भाग, जमिनीवर पसरलेला भाग, सगळं. कारण अंगावर येणारा हिरवा उजेड माणसाच्या नजरेसमोर आणि आजूबाजूला किती हिरवं पसरलंय त्यावर ठरतो, कॅमेऱ्याला किती दिसतं त्याच्याशी त्याचा संबंध नाही. शॉट कमरेच्या वरचा असेल तर खालचं हिरवं कशाला उघडं ठेवायचं? जबड्याखालचा आणि कोपराखालचा हिरवा जवळपास सगळा जमिनीवरच्या कापडाचा असतो.

पाय दिसणारा शॉट शक्य असेल तर टाळाच. जमीन हिरवी करायची, तिच्यावर लाईट सारखा पाडायचा, पावलांचे डाग पुसायचे, सावली राखायची, हे सगळं कमी माणसांत होत नाही आणि गुडघ्यापर्यंतच्या फ्रेममध्ये प्रेक्षकाला काही कमी वाटत नाही.

कडेला पायऱ्या दिसतात ती गोष्ट मोबाईलची आणि बऱ्याच डीएसएलआरची. हे कॅमेरे ४:२:० मध्ये रेकॉर्ड करतात, म्हणजे १०८०पीचा व्हिडिओ असेल तर उजेड-अंधाराची माहिती १९२० बाय १०८० असते पण रंगाची फक्त ९६० बाय ५४०, चार पिक्सेलना मिळून एक रंग. डोळ्याला ते कळत नाही, पण कीअर तर रंगावरच चालतो, त्याला कड ठोकळ्यांची दिसते. यावर फुकटचा इलाज म्हणजे फिल्म १०८०पीमध्ये द्यायची असली तरी शूट ४केमध्ये करा, ३८४० बाय २१६०. तिथे रंगाची माहिती १९२० बाय १०८० असते, मग फुटेज आधी १०८०पीला लहान करा आणि नंतर कीइंग करा, प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. क्रम उलटा केला तर फायदा कमी होतो. ज्यांच्याकडे ४:२:२ किंवा प्रोरेझ, म्हणजे रंगाची माहिती जास्त ठेवणारं रेकॉर्डिंग, मिळणारा कॅमेरा आहे त्यांनी तेच वापरावं हे वेगळं सांगायला नको.

मोबाईलवर आणखी तीन गोष्टी लॉक करायच्या: व्हाइट बॅलन्स, एक्सपोजर, फोकस. सुरुवातीला क्रोमा मस्त निघतो आणि दहाव्या सेकंदाला बिघडतो अशी तक्रार असेल तर ९० टक्के वेळा ऑटो चालू राहिलेलं असतं, माणूस पुढे आला, फोनने उजेड बदलला, कापडाचा रंग बदलला. ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं अ‍ॅप फुकट आहे, आयफोनला २०२३ पासून आणि अँड्रॉइडला २०२४ पासून, त्यात हे सगळं हाताने ठरवता येतं. ब्युटी मोड बंद, आणि शार्पनिंग कमी करता येत असेल तर शून्यावर आणा, कारण फोन शार्प करताना माणसाच्या भोवती एक पातळ पांढरी-काळी रेघ ओढतो, ती रेघ ना माणसाची ना कापडाची, कुठल्याच कीअरने ती जात नाही.

मॅट लयीत धडधडत असेल, उजेडाचे पट्टे वर-खाली सरकत असतील, तर शटर बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यावरचे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवायचं आणि फ्रेमरेट २५. फोन बहुतेक वेळा ३० फ्रेम आणि १/६० वर जातात, तिथेच पट्टे येतात. डिमर लावलेला स्वस्त एलईडी पॅनल असेल तर डिमर पूर्ण वर ठेवा आणि उजेड कमी करायला पॅनल मागे न्या. वेगात हातवारे असतील तर १/१०० बरं, हाताची पुसट कड कमी येते आणि ब्लर नंतर देता येतो. एक आणखी, नाचाचा किंवा मारामारीचा शॉट असेल तर आधी एक टेक घेऊन लगेच लॅपटॉपवर मॅट बघून घ्या, अख्खा दिवस शूट करून रात्री कळण्यात अर्थ नाही.

मुंग्यांचा इलाज म्हणजे आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) खाली आणि माणसावर उजेड जास्त. शूट झालेलंच असेल तर रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनमध्ये कलर पेजवरचं नॉइज रिडक्शन मिळत नाही, पण एक रस्ता आहे. फ्युजनमध्ये कलर स्पेस नोड लावून चित्र वाययूव्हीमध्ये, म्हणजे उजेड आणि रंग वेगळे ठेवणाऱ्या पद्धतीत, न्या, ब्लर नोडमध्ये फक्त रंगाचे दोन चॅनल थोडे पुसट करा, उजेडाचा चॅनल तसाच ठेवा, परत आरजीबीमध्ये आणा. या चित्रातून फक्त मॅट काढायचा आणि तो मॅट मूळ, हात न लावलेल्या फुटेजला लावायचा. चेहरा मऊ होत नाही आणि कड शांत होते. ४:२:०च्या पायऱ्यांवरही हाच इलाज लागू पडतो.

आता आपल्याकडे हमखास येणारी अडचण, हिरवा चुडा. लग्नाचा सीन, डोहाळजेवणाचा सीन, नवी नवरी दाखवायची आणि हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, अंगावर हिरवी नऊवारी किंवा हिरव्या काठाची पैठणी. दिग्दर्शकाला ते बदलायचं नसतं आणि बदलूही नये, कथेला ते लागतं. अशा वेळी सरळ निळं कापड वापरा. हिरवा पडदा का वापरतात तर डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार पिक्सेलमध्ये दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो, ब्राइस बेयर यांची ही मांडणी, कोडॅकला तिचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं, आणि म्हणून हिरव्या चॅनलमध्ये नॉइज सगळ्यात कमी. निळा चॅनल त्यामानाने कमकुवत, म्हणून निळ्या कापडाला उजेड जास्त द्यावा लागतो आणि तो डेलाइटचाच, ५६०० केल्विनचा, द्या, पिवळ्या हॅलोजनमध्ये निळा फार कमी असतो. निळी जीन्स, निळा शर्ट मग फ्रेममधून बाहेर.

निळं कापड मिळतच नसेल आणि फक्त बांगड्यांचाच प्रश्न असेल तर एक युक्ती करा. जांभळ्या बांगड्या घालून शूट करा आणि नंतर तेवढाच रंग निवडून हिरवा करा. लाल बांगड्या घेऊ नका, लाल रंग त्वचेच्या जवळचा, निवडताना हातही बदलतो. जांभळा कापडापासून आणि त्वचेपासून दोन्हीकडून लांब आहे. काचेतून मागचं थोडं दिसतं आणि बांगडीच्या गोलाईवर कापडाची हिरवी तिरीप चमकते, ती राहिली तरी चालते कारण शेवटी बांगडी हिरवीच व्हायची आहे.

हळदीचा सीन असेल, झेंडूची तोरणं, जरी, नथ, ठुशी, म्हणजे पिवळं आणि सोनेरी भरपूर असेल तर स्पिल काढताना जपा. स्पिल काढणं म्हणजे हिरव्याला कुठेतरी मर्यादा घालणं. एक पद्धत म्हणते हिरवा हा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा जास्त नको, दुसरी म्हणते दोघांतल्या मोठ्यापेक्षा जास्त नको. झेंडूचा पिक्सेल घ्या, लाल २२०, हिरवा १८०, निळा ६०. सरासरी १४०, म्हणजे पहिल्या पद्धतीने हिरवा १८० वरून १४० वर येणार आणि झेंडू विटकरी होणार, हळद लालसर, सोनं तांब्यासारखं. दुसऱ्या पद्धतीने मोठा आकडा २२०, हिरवा त्याच्या खालीच आहे, काहीच बदलत नाही. डेल्टा कीअरच्या फ्रिंज टॅबमध्ये स्पिल मेथड असते, हलकीपासून जोरदारपर्यंत रेअर, मीडियम, वेल डन, बर्न्ट, लोक सरळ शेवटची लावतात आणि मग नवरीच्या अंगावरची हळद गेली म्हणून रंग परत भरत बसतात. रेअरपासून सुरू करा. स्पिल जास्त काढावा लागलाच तर फक्त कडेपुरता मास्क करून काढा, चेहऱ्याच्या मधोमध स्पिल नसतोच.

सॉफ्टवेअरमधलं बाकीचं थोडक्यात. एकाच कीअरकडून केसही आणि अंगही मागू नका. दोन लावा. पहिला कडक, थ्रेशोल्ड (किती राखाडीला पूर्ण काळं किंवा पांढरं धरायचं ती मर्यादा) दाबून, मॅट चार-पाच पिक्सेल आत खेचून, थोडा ब्लर देऊन, याचं काम फक्त माणसाच्या आतली भोकं बुजवणं, तो दुसऱ्या कीअरच्या सॉलिड मॅटला जोडा. दुसरा मऊ, थ्रेशोल्डला जवळपास हात न लावता, तो केस आणि कड सांभाळेल. कापडाचा रंग उचलताना चेहऱ्याजवळचा उचला, लांबच्या कोपऱ्यातला नको, तो तर गार्बेज मॅटनेच जाणार आहे. कीलाइटमध्ये सॉलिड मॅटला इनसाइड मास्क आणि गार्बेज मॅटला आउटसाइड मास्क म्हणतात. आणि प्रत्येक सेटअप संपला की कलाकाराला बाजूला करून रिकाम्या कापडाचे पाच सेकंद रेकॉर्ड करा, कॅमेरा न हलवता. डेल्टा कीअरला क्लीन प्लेटची, म्हणजे या रिकाम्या शॉटची, वेगळी तार आहे, तिथे ते जोडलं की कापडाच्या प्रत्येक जागेचा खरा रंग त्याला कळतो आणि लाईट कमी-जास्त पडलेला असला तरी बराचसा निभावून जातो. फुकटात मिळणारी एवढी मोठी मदत दुसरी नाही आणि सेटवर घाईत नेमकं हेच राहतं, म्हणून असिस्टंटच्या कागदावर लिहून ठेवा.

कड साफ झाली तरी माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो, ही तक्रार वेगळी, तिचा कीइंगशी संबंध नाही. बहुतेक वेळा कॅमेऱ्याची उंची चुकलेली असते. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर माणसाला कापते. कॅमेरा ५ फुटांवर असेल आणि कलाकार साडेपाच फुटांचा, तर मागच्या समुद्राची रेघ त्याच्या ओठांच्या आसपास आली पाहिजे, छातीवर किंवा कपाळावर आली की डोळ्याला खटकतं पण काय खटकतंय ते सांगता येत नाही. म्हणून मागचा शॉट आधी घ्या, मग त्यावरून क्रोमा, आणि कॅमेऱ्याची उंची, लेन्स, ऊन कुठल्या हाताला होतं हे तिथेच लिहून घ्या. दोन्ही शॉटमधले काळे भाग सारखेच काळे करा, मागचा शॉट थोडा आउट ऑफ फोकस करा, आणि हलता कॅमेरा हवा असेल तर दोन्ही ट्रायपॉडवर घेऊन हलणं नंतर दोघांवर एकत्र द्या.

रात्रीच्या गाडीतल्या सीनला मात्र क्रोमा लावूच नका. गाडी अंधारात उभी करा, बाहेर काळं, दोघांनी टॉर्च आणि पिवळा दिवा घेऊन काचेबाहेरून मागे पळायचं, एकाने बंपर हलकेच दाबत राहायचं, काचेवर पाणी मारायचं. यात कड नाही, स्पिल नाही, काचेवरचं खरं प्रतिबिंब फुकट मिळतं.

आणि ज्यांचं शूट होऊन गेलंय, कलाकार परत येणार नाही, फुटेजमध्ये स्पिल भरलाय, त्यांनी आधी मागचं चित्र बदलता येतंय का ते बघावं. काळोखी खोली किंवा राखाडी भिंत मागे असेल तर हिरवी कड ओरडून दिसते, तीच कड मागे पावसाळ्यातली शेतं, झाडी, डोंगरउतार असेल तर खपून जाते कारण तिथे अंगावर हिरवी झाक येणं साहजिक आहे. कथेत बसत असेल तर सीन घरातून बाहेर काढा. बसत नसेल तर कडेपुरता मास्क करून तिथला हिरवा काढा, स्पिल काढल्यावर ती कड काळपट होते म्हणून तेवढ्या भागात मागच्या चित्राचा पुसट केलेला रंग आणि उजेड भरा, आणि फ्रेम थोडी आत घ्या म्हणजे कोपर, केसांची टोकं असल्या अवघड जागा जमतील तेवढ्या बाहेर जातात. उरलेल्या चार-दोन शॉटसाठी केसांचं रोटो, म्हणजे फ्रेम-फ्रेमला कड आखणं, हाताने करावं लागेल, त्याला वेळ धरून ठेवा.